तारोमी मावशीच्या गाडीला आधी काय लावायचं

तारोमी मावशीची जुनी गाडी मेली तेव्हा तिचं इंजिन चालू होतं. खाऱ्या वाऱ्यानं चासी आतून पोखरलेली. मावशी शनिवारचा बाजार उरकून घराकडं येत होती, ना चढ ना खड्डा, आणि गाडी मधोमध खचून खाली बसली, गाभण डुकरीण नीरफणसाच्या सावलीला बसते तशी. पुढचं चाक आभाळाकडं, मागचं आहे तिथंच, इंजिन गुरगुरतंय आणि मावशी हँडल धरून मधे उभी. आम्ही धावत गेलो तर म्हणाली, "चालतीया अजून. नुसती कंबर गेलीया."

पुना हा तिच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. त्याचं गॅरेज गावातच. त्यानं गाडी ओढून नेली, खाली वाकून बघितली आणि हात झटकले. वेल्डिंग करायला निदान एका बाजूला तरी लोखंड लागतं, म्हणाला. गंजाला गंज कसा जोडू?

आमच्या रारोतोंगा बेटावर गाडी नसलेल्या माणसाची गत वाईट. कुणी उचलून नेलं तर जायचं, कुणी आणून टाकलं तर यायचं. मावशीला ते परवडणारं नव्हतं. गुरुवारी अळूची पानं खुडायची, शुक्रवारी नारळाच्या दुधात अळू शिजवायचं, केळ्याचं पोके, म्हणजे खरवसासारखी वडी, थापायचं, शनिवारी ते सगळं बाजारात विकायचं, रविवारी चर्चमध्ये बायकांच्या रांगेत उभं राहून असा वरचा सूर लावायचा की बाहेर झाडावरचे पक्षी उडावेत. मधल्या दिवसांत कुणाचं बारसं, कुणाच्या पोराचे पहिले केस कापायचे, कुणाला पुरायचं. या सगळीकडं मावशी हवीच, आणि मावशीबरोबर तिचं पातेलं.

आणखी एक गोष्ट होती, ती गावात सगळ्यांना ठाऊक होती. मावशीची एकुलती लेक तेरेआपी ऑकलंडला असते. म्हाताऱ्या माणसांच्या आश्रमात काम करते, खुब्यातनं मोडलेली माणसं उठवते, बसवते, धुते, पुसते. मागल्या वर्षी मावशी डबक्यात घसरून मनगट मोडून घेऊन बसली, तेव्हा तेरेआपीनं फोनवर एकच वाक्य सांगितलं होतं: पुढच्या वेळेला काही झालं की मी येते, आणि परत जाताना दोघी जाऊ. खोली तयार होती. खोलीत हीटरही होता.

मावशी एकदा हिवाळाभर त्या खोलीत राहून आली होती. कुणी विचारलं तर सांगायची, "खिडकीत बसलं की शेजाऱ्याची खिडकी दिसते. तीत शेजाऱ्याची आई बसलेली असते. ती माझ्याकडं बगती, मी तिच्याकडं बगती. दुपारी जेवायला उठायचं, परत बगायचं." एवढं बोलून ती अंगावर पाल पडल्यासारखे खांदे उडवायची.

म्हणून नवी गाडी घेणं आलंच. मावशीची उंची सांगायची तर ती चर्चमध्ये उभी राहिली की मागच्या बाकावरच्याला वाटतं, ही अजून बसलीच आहे. अवारुआ या बेटावरच्या मोठ्या गावात, दुकानातल्या तरण्या पोरानं तिला वरपासून खालपर्यंत बघितलं (वेळ लागला नाही) आणि लिंबासारखी पिवळी, पुढं परडी लावलेली एक छोटी स्कूटर पुढं केली. म्हणाला, तुमच्यासारख्या आज्ज्या हीच नेतात. मावशीनं स्कूटरकडं बघितलं सुद्धा नाही. तिनं त्याच्या पाठीमागं उभ्या असलेल्या थोरल्या लाल मोटरसायकलकडं बोट केलं आणि विचारलं, "तिला काय झालंय? ती इकायची न्हाई का?"

लाल गाडी घरी आली. झोकात आली, खोटं कशाला बोला. फक्त गाडीवर बसल्यावर मावशीचे पाय जमिनीला पोचत नव्हते. अंगठा तेवढा लागायचा, तोही एका वेळी एकाच बाजूचा, आणि दुसरी बाजू मग होडीसारखी वर उचलली जायची. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. तिनं त्यावर तोड काढली. गाडी थांबवायची ती उंच जागेशेजारीच. आमच्याकडच्या रीतीनं घरासमोर अंगणातच नवऱ्याचं थडगं आहे, चांगलं सिमेंटचं, गुडघाभर उंचीचं. त्याला गाडी चिकटवायची, डावा पाय ओट्यावर ठेवायचा आणि ऐटीत उतरायचं. तिचा दीर अराइती मासे धरतो, त्याच्या घराची समुद्राकडची भिंत ही दुसरी जागा. चर्चच्या दारातली दगडी पायरी तिसरी. बाजारात तिनं माशांचा एक रिकामा क्रेट पालथा टाकून ठेवला आणि कुणी हलवला तर याद राखा म्हणून सांगितलं. बेटाला रस्ता एकच, गोल, समुद्राच्या कडेकडेनं. त्यावरच्या पाय टेकायच्या जागा मावशीला प्रार्थनेसारख्या पाठ झाल्या.

तेवढ्यात तेरेआपीचा फोन आला. नव्या गाडीची बातमी तिला कुणी कळवली याचा तपास अजून लागलेला नाही. आमच्याकडं बातमी विमानाच्या आधी पोचते. ती रागावली नाही, हेच वाईट. शांतपणे म्हणाली, पुढच्या महिन्यात रजा घेऊन येते. गाडी बघते, तुला चालवताना बघते. मग ठरवू.

मावशी दुसऱ्या दिवशी सकाळीच पुनाच्या गॅरेजात. गॅरेजच्या दारात एक जुना टायर पडलेला असतो, त्यावर पाय ठेवून उतरली.

"गाडीला आधी काय लावायचं, सांग."

पुनानं विचारलं, गाडीवर त्रास काय होतोय?

"मला कुठं काय होतंय?"

मग काहीच लावू नको, तो म्हणाला. आधी महिनाभर चालव, गाडीच सांगेल तिला काय पाहिजे ते.

"महिन्यात तेरेआपी येतीया. तिला गाडी बगून वाटलं पायजे, की हिच्यावरनं आईला ढकललं तरी ती पडायची न्हाई."

"मग दोन चाकं आणखी लाव."

"चेष्टा करू नको, मुस्काडीन."

पुनानं गाडीभोवती एक फेरी मारली, मावशीभोवती दुसरी. मग नटाला पाना लावता लावता, जसं काही पानाच बोलतोय अशा आवाजात म्हणाला की सीट जरा उंच वाटत असेल तर फोम कापता येतो, मागचे शॉकअप खाली घेता येतात, अर्ध्या दिवसाचं काम आहे.

"उंच? मला?" मावशी म्हणाली. "मी काय बुटकी हाय?"

पुना शहाणा माणूस. त्यानं छताकडं बघितलं आणि म्हणाला, छे.

तेव्हा ठरलं ते लेगगार्ड. चांगली जाड नळी वाकवून पुनानं पुढं दोन्ही बाजूंना लावली. गाडी तेवढी रुंद झाली, तेवढी जड झाली. मावशी खूश झाली.

इथंच थांबलं असतं तर बरं होतं. पण आमच्या गावात नव्या गाडीला पाद्रीबुवांचा आशीर्वाद लागतो आणि आशीर्वाद म्हटला की जेवण आलं. मावशीच्या अंगणात जमिनीतल्या भट्टीत डुक्कर भाजलं, गाडीला फुलांचे हार घातले, इतके की पुढचा दिवा दिसेना. पाद्रीबुवांनी पुढच्या चाकापासून प्रार्थनेला सुरुवात केली आणि एकेक भाग घेत मागं सरकत गेले. ते स्वतः गाडी चालवतात, त्यामुळं चेन, ब्रेक, प्लग काही सुटलं नाही. सायलेन्सरपर्यंत आले तेव्हा डुक्कर निवलं होतं.

आणि जेवायला कुणी हात हलवत येत नाही. गाडीचं जेवण, तर भेटही गाडीसाठीच. अराइतीनं वहिनीसाठी गळाच्या काठ्या उभ्या ठेवायची लोखंडी नळी आणली आणि मागच्या कॅरिअरवर बसेल असा बर्फाचा मोठा डबा. मावशी म्हणाली, मी कुठं मासे धरते? अराइती म्हणाला, आता धरशील. पाद्रीणबाईंनी रविवारच्या टोपीसाठी गोल डबा दिला. हेल्मेट डोक्यात घालायचं तर नारळाच्या कोवळ्या पात्याची विणलेली टोपी जाणार कुठं, हा प्रश्न त्यांना पूर्वीपासून छळत होता. चर्चमध्ये गाणाऱ्या बायकांनी वर्गणी काढून बोटीवरचा भोंगा आणला होता. तो एकदा वाजवून बघितला, तर शेजारची कुत्री समुद्रात उतरली.

शेवटी उठली अकाइती. अकाइती मावशीची लहानपणची मैत्रीण. दोघींनी शेजारी बसून इतक्या गोधड्या शिवल्यात की एकीच्या सुईत दुसरी दोरा ओवते. तिनं गाडीच्या सीटसाठी खोळ शिवली होती. पांढऱ्यावर तांबडी जास्वंदं, पाकळी न् पाकळी टाक्यांची, आणि आत शेवरीचा कापूस, हात न राखता भरलेला. गेले पंधरा दिवस ती दार लावून शिवत होती. तिनं खोळ सीटवर चढवली, थापटली आणि म्हणाली, "बस, तारोमी. तुझ्या बुडाला आता काय बी कळणार न्हाई."

खोळीमुळं सीट चार बोटं वर गेली होती.

मावशी बसली. पाय लोंबले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

भेट नाकारणं आमच्यात होत नाही आणि घेतलेली भेट पडवीत टाकून ठेवणं त्याहून होत नाही. देणाऱ्यालाच पडवीत टाकल्यासारखं ते. पुनानं त्याच दिवशी, देणारे उभे असतानाच, नळी, डबे, भोंगा सगळं आवळून बसवलं. गाडी आता पाण्यात सोडायला काढलेल्या होडीसारखी दिसत होती. आणि अकाइती दर रविवारी मावशीच्या मागं बसून चर्चला येते, त्यामुळं खोळ काढून ठेवायची सोयच नव्हती.

त्यानंतर मावशी रस्त्यात थांबायची बंद झाली. पूर्वी दिसेल त्याच्याशी चार शब्द बोलायची. आता भोंगा वाजवून पुढं. गिऱ्हाइकांची पोकेची पुडकी ती गाडी चालती ठेवूनच द्यायची, आणि गिऱ्हाईक शेजारून धावत घ्यायचं. एका म्हाताऱ्याचं पुडकं हुकलं आणि त्याच्या कोंबड्यांची चंगळ झाली. बायका म्हणाल्या, नवी गाडी आली तशी तारोमीला मस्ती आली. मावशीनं ऐकून घेतलं. मस्ती म्हटलेलं चाललं तिला, बुटकी म्हटलेलं चाललं नसतं.

तेरेआपी गुरुवारच्या विमानानं आली. बापाच्या वळणावर गेलेली, उंच, लांब पायांची. विमानतळावरनं पुनाच्या पिकअपमधनं ती घरी पोचली, तेवढ्यात मावशी अळूच्या शेतावरनं आली, गाडी थडग्याला चिकटवली आणि डावा पाय ओट्यावर टेकवला.

तेरेआपीनं आधी आईला मिठी मारली, मग गाडी बघितली, मग थडगं.

"आई, बाबांच्या डोक्यावर पाय देतेस?"

"डोकं पलीकडं हाय," मावशी म्हणाली. "हिकडं पाय हायती."

 तेरेआपीनं गाडीभोवती फिरून सगळं बघितलं, लेगगार्ड हलवून बघितला, नळीत डोकावली, खोळीवर तळवा ठेवून दाबला. मावशी तिच्यामागनं फिरत एकेका वस्तूचे गुण सांगत होती, दुकानदार सांगतो तसे. शेवटी तेरेआपी म्हणाली, "रविवारी चर्चला मी तुझ्या मागं बसेन."

त्या रविवारी अकाइतीनं आपली जागा तिला दिली आणि स्वतः पुनाबरोबर पुढं गेली. मावशी थडग्यावरनं गाडीवर चढली, तेरेआपी मागं बसली. पांढरे कपडे, टोपीच्या डब्यात दोन टोप्या. चर्चपर्यंत मावशीनं गाडी अशी चालवली की ताटातलं पाणी सांडू नये. मग चर्चची दगडी पायरी दिसली. पायरीला लागून पाद्रीबुवांची पिकअप उभी होती. त्या दिवशी त्यांनी बाहेरगावचे पाहुणे आणले होते.

मावशी चर्चवरनं पुढं गेली.

"आई, चर्च मागं राहिलं."

"दिसलं की मला."

"मग थांब ना."

"थांबती. पुढं थांबती. पुढची हवा चांगली हाय."

अराइतीची भिंत आली. भिंतीवर अराइतीचं जाळं वाळत पडलं होतं, आणि जाळ्यात गाडी अडकवणं मावशीला परवडणारं नव्हतं. ती भोंगा वाजवून पुढं गेली. अराइतीची बायको दारात हात हलवत राहिली. पुढचं गाव आलं, त्याच्या चर्चमध्ये गाणं सुरू झालं होतं. मावशीनं वेग न कमी करता दोन ओळींना सूर दिला. तेरेआपीनं विचारलं, आपण कुठं चाललोय? मावशी म्हणाली, तू किती वर्षांनी आलीस, बेट बघायला नको?

विमानतळाच्या टोकाला समुद्राला लागून एक दगडी कठडा आहे. मावशीच्या मनात तोच होता. पण रविवारचं विमान यायची वेळ, कठड्यावर माणसं कावळ्यांसारखी ओळीनं बसलेली. पाय ठेवायला बोटभर जागा नाही. विमान डोक्यावरनं घोंघावत उतरलं, टोप्या उडाल्या, पोरं किंचाळली, आणि मावशी त्यातनं मान ताठ ठेवून निघून गेली. अवारुआत दुकानं बंद. बाजारातला पालथा क्रेट कुणीतरी उचलून नेलेला. मावशीनं त्या कुणाला तरी एक शिवी हासडली. रविवार होता म्हणून ती अर्धीच दिली.

अवारुआ संपल्यावर तेरेआपी मागनं अगदी कानाशी वाकली.

"आई, तुला थांबता येत नाही का?"

 एक नारळाची वाडी गेली, एक पूल गेला.

"येतं की. जागा लागती."

"कसली जागा?"

आणखी एक पूल गेला.

"उंच जागा. पाय पोचत न्हाईत माझे."

तेरेआपीचा हात आईच्या कमरेवर होता तो तिनं घट्ट केला.  मग म्हणाली, "ब्रेक हळू लाव. पाय मी टाकते." बापाचे ते लांब पाय तिनं दोन्ही बाजूंना सोडले, मावशीनं ब्रेक दाबला, गाडी डावीकडं कलली, बर्फाच्या डब्याचं झाकण उघडून पडलं, आणि समुद्राच्या काठच्या गवतावर सगळा संसार उभा राहिला. पडलं कुणी नाही.

दोघी गवतावर बसल्या. हे सगळं पुढं मावशीनंच आम्हाला सांगितलं, आणि आपल्या बाजूनं काही लपवलं नाही, म्हणून मी ते तसंच सांगते.

"दुकानात बसून बघितलंस तेव्हा कळलं नाही?" तेरेआपीनं विचारलं.

"कळलं की."

"मग?"

"त्यानं मला पिवळी दाखवली."

तेरेआपी हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते पुसल्यावर तिचं हसू गेलं होतं. म्हणाली, "आमच्याकडं ज्या म्हाताऱ्या पडून येतात ना, त्या घसरून पडलेल्या नसतात, आई. काठी लागते हे सांगायची लाज वाटते, म्हणून पडतात. रोज बघते मी. रोज वाटतं, तिकडं माझी आई काय लपवत असेल."

मावशीनं गवताची काडी तोडली.

"मग न्हेणार मला? त्या खिडकीत?"

"तू सांगशील तसं करू. घरी सगळे जेवायला येणार आहेत. त्यांच्यासमोर तू तोंडानं बोलायचंस, की सीट उंच आहे, मला पोचत नाही. मी बोलणार नाही. बोललीस तर मी एकटी परत जाईन आणि पुन्हा खोलीचं नाव काढणार नाही."

"आणि न्हाई बोलले तर?"

"तर दोन तिकिटं."

मावशी म्हणाली, "अगं, पण त्या सीटवर अकाइतीची खोळ हाय."

"ते तुझं तू बघ."

परत येताना तेरेआपीनं गाडी चालवली. चर्चसमोर पोचल्या तर लोक बाहेर पडत होते. पाद्रीबुवांनी विचारलं, कुठं होतात? मावशी मागच्या सीटवरनं म्हणाली, "देवानं केलेलं सगळं एकदा फिरून बगून आलो."

दुपारी अंगणात जेवण मांडलं. कच्च्या माशाला लिंबू आणि नारळाचं दूध, भाजलेली अळकुडी, बीट घातलेली गुलाबी बटाट्याची कोशिंबीर. अराइती होता, पुना होता, अकाइती होती, आम्ही शेजारी होतोच. मावशी सगळ्यांना वाढत होती आणि बोलायचं तेवढं सोडून सगळं बोलत होती. माशाचा भाव काढला, पाहुण्यांच्या कपड्यांवर बोलली, पाद्रीबुवांची पिकअप किती वाकडी लावलेली होती हे दोनदा सांगितलं. तेरेआपी मुकाट्यानं जेवत होती.

मग मावशीच्या डोक्यात एक युक्ती आली. आमच्याकडं पाहुण्यानं एखादी वस्तू फार वाखाणली की ती त्याला द्यावी लागते. नाही दिली तर घास गोड लागत नाही. मावशीनं लेकीला कोपरानं ढोसलं आणि मोठ्यानं म्हणाली, "तेरेआपी, तू मगाशी त्या खोळीबद्दल काय म्हणत हुतीस?"

तेरेआपीनं आईकडं बघितलं. मग खोटं नको म्हणून खरं तेवढंच म्हणाली, "अकाइती मावशी, असे टाके मी ऑकलंडमध्ये कुठं बघितले नाहीत."

अकाइती विरघळली. ताट खाली ठेवून उठली, गाडीपाशी गेली, खोळ सरसर उतरवली आणि तेरेआपीच्या मांडीवर आणून ठेवली. तिकडं थंडीत तुझ्या खुर्चीला होईल, म्हणाली. मावशीनं डोळे मिटून देवाचे आभार मानले. तोंडानं मात्र "अगं, असू दे की, कशाला" असं दोनदा म्हणाली, रीत म्हणून.

"आणि तू तोंड बारीक करू नको, तारोमी," अकाइती म्हणाली. "तिला दिलं म्हणून तुला उघडी ठेवीन व्हय? कापूस अजून पोतंभर हाय. तुला ह्याच्या दुप्पट जाड करती."

पुनानं पाण्याचा घोट घेतला होता, तो त्याच्या नाकातनं आला.

मावशी पळी हातात धरून उभी राहिली. तेरेआपी तिच्याकडं बघत नव्हती. बोटानं जास्वंदाच्या पाकळीवरनं फिरत होती. अराइतीनं आणखी मासा मागितला. मावशीनं त्याला वाढला नाही.

"अकाइती, नको," ती म्हणाली. "माझे पाय पोचत न्हाईत."

"कुठं?"

"खाली. गाडीवरनं. सीट उंच हाय. मला पोचत न्हाई." आणि मग, एकदा तोंड उघडलंच आहे तर, "बुटकी हाय मी."

 अकाइती कमरेवर हात ठेवून मैत्रिणीच्या पायांकडं बघत राहिली, जसं काही ते आजच उगवलेत.

"मग ह्ये तवाच सांगायला तुझी जीभ झडली हुती का?" ती म्हणाली. "मी तुला बसायला शिवलं, टांगायला न्हाई."

"मला वाटलं, तुला वाईट वाटंल."

"वाटलं की. आता वाटलं. मी मागं बसत हुते दर रविवारी, सांगितलं असतंस तर मीच पाय टाकला असता."

पुना म्हणाला, मी पहिल्या दिवशीच म्हटलं होतं. त्याला दोघींनी एका आवाजात गप्प केलं. अराइती मात्र गप्प बसणाऱ्यातला नाही. तो म्हणाला, "सगळ्या बेटाला ठावं हाय, वहिनी. माझ्या भिंतीवर तुझ्या चपलेचं ठसं हायती. मी मुद्दाम तिथं चुना लावत न्हाई, तुझा पाय घसरंल म्हणून. आज नेमकं बायकोनं जाळं टाकलं." यावर मावशीनं त्याला दोन डाव मासा वाढला.

तेरेआपीनं खोळीची घडी घातली. 

सोमवारी पुनानं सीट सोलली. मावशी स्टुलावर बसून फोम कापताना बघत होती आणि आणखी काप, आणखी काप म्हणत होती. शेवटी पुना म्हणाला, आता पत्राच उरलाय. शॉकअप खाली घेतले. गळाच्या काठ्यांची नळी ठेवली, टोपीचा डबा ठेवला. बर्फाचा डबा तेवढा खाली, चाकाच्या अंगाला घेतला, म्हणजे वजन जमिनीजवळ राहील. अकाइतीनं दोन दिवसांत दुसरी खोळ शिवली, बिनकापसाची, नुसत्या कापडाची. त्यावर जास्वंद एकच, पण ताटाएवढं.

मग मावशी गाडीवर बसली आणि दोन्ही पाय, टाचेसकट, गॅरेजच्या फरशीवर टेकले. तिनं ते उचलले आणि परत टेकवले. पुनाला म्हणाली, "बग." पुना म्हणाला, बघतोय. ती म्हणाली, "नीट बग."

तेरेआपी पुढच्या गुरुवारी निघाली, एक तिकीट, आणि पिशवीत ती जाड खोळ. विमानतळावर आम्ही पिकअपनं गेलो. मावशी गाडीवरनं आली. लेकीच्या गळ्यात हार घालायलाही उतरली नाही. गाडीवर बसूनच लेकीला वाकायला लावलं आणि हार घातला. दोन्ही पाय जमिनीवर. प्रवाशांना सोडायच्या जागेत, अगदी दारासमोर, मागं गाड्यांची रांग लागलेली. तेरेआपी आत जाईपर्यंत तीनदा मागं वळली, आणि तिन्ही वेळा मावशी तिथंच, तशीच.

पहारेकरी आला. ओळखीचाच. म्हणाला, मावशी, इथं थांबायचं नसतं, पुढं घ्या.

"थांबू दे की रे जरा," मावशी म्हणाली. "आत्ताच कुठं यायला लागलंय."